पुड्यांचं वर्ष

आप्पा,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा पत्राची गरजच पडली नाही. परभणीहून सेलू ते केवढं, सकाळच्या गाडीत बसलं की तासाभरात मी तुमच्या दारात. आज लिहायचं कारण सांगितलं तर बाकीचे लोक हसतील, तुम्ही हसणार नाही. मी झोपायला लागले आहे. रात्री दहाला पडते आणि पहाटे दूधवाल्याच्या हाकेने उठते, मध्ये काही म्हणजे काही होत नाही. एकोणिसाव्या वर्षापासून माझ्या रात्रींचं काय होत होतं ते जवळून पाहिलेला माणूस एकच, तो म्हणजे तुम्ही. म्हणून ही बातमी सगळ्यात आधी तुम्हाला द्यावीशी वाटली, आणि बातमी देता देता तुमच्याशी कडाकडा भांडावंसंही वाटलं. गेलं वर्षभर मी तुमच्यावर रागावलेली आहे. तुमच्या फोटोला हार घालते, तोंडाने एक शब्द बोलत नाही. सेहेचाळीस वर्षांची मास्तरीण मेलेल्या बापाशी अबोला धरते, हे शाळेत कळलं तर पोरं मला वर्गात बसू देणार नाहीत.

पहिली रात्र तुम्हाला आठवत असेल. कापसाच्या बाजारामागच्या आपल्या त्या दोन खोल्या. जिनिंगचा हंगाम सुरू झाला की हवेत तंतूच तंतू, आई पाण्याच्या हंड्यावर फडकं दुहेरी बांधायची. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. दुःख नव्हतं, परीक्षा नव्हती, कुणी काही बोललेलं नव्हतं. झोपेतून एकदम जाग आली ती छातीत कुणीतरी धुणं पिळत असल्यासारखी. हात बधिर, घशातून हवा खाली उतरेना, आणि डोक्यात एकच पक्कं, की मी आत्ता मरणार. तुम्ही उठलात, दिवा लावलात, माझं मनगट धरून घड्याळाकडे बघत बसलात. म्हणालात, "कायबी न्हाई. पळायलीय जरा, पन ठोका नीट हाय." अर्ध्या तासाने सगळं ओसरलं. सकाळी मी नेहमीसारखी कॉलेजला गेले. पाच दिवसांनी परत तेच. मग दिवसाआड. मग अशी वेळ आली की संध्याकाळी दिवे लागले तरी मी उगाच भांडी घासत बसायची, कारण रात्र जवळ यायची.

आईने आधी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. त्याने काही झालं नाही तेव्हा तिने विळा चुलीत लाल होईस्तोवर तापवला, तांब्यातल्या पाण्यात बुडवला आणि ते पाणी मला पाजलं. तिच्या माहेरी, बोरीला, भ्यालेल्या माणसाला हेच देतात. तुम्ही दारात उभे राहून बघत होतात. "लोखंडाचं पानी पाजून ठोका कमी व्हतो का?" असं तुम्ही विचारलंत आणि आई विळा पुसत म्हणाली, "तुमच्या त्या लाल औषदानं तरी कुटं व्हतो?" दवाखान्यातलं लाल औषध म्हणजे बरंचसं रंगीत पाणी, हे तुमच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं?

दवाखान्यातली तुमची ती कंपाउंडरची खिडकी मला अजून दिसते. आत डॉक्टर, बाहेर बाकावर माणसं, आणि मध्ये लाकडी चौकटीत तुम्ही. मी डबा घेऊन यायची तेव्हा तुमचे हात चाललेले असायचे. खलात गोळ्या घोटायच्या, चौकोनी कागद ओळीने मांडायचे, चाकूच्या टोकाने सारखी सारखी भुकटी टाकायची आणि बोटांच्या दोन हालचालींत पुडी मिटायची. बाटलीला डोसाची दातेरी पट्टी चिकटवायची. "सकाळी एक, दुपारी एक, निजताना एक, आन तेलकट बंद." खालच्या फळीवर एक मोठा डबा होता, पांढऱ्या गोळ्यांचा. कॅल्शियमच्या. ज्यांना काहीच झालेलं नाही पण औषध घेतल्याशिवाय जे उठणारच नाहीत, त्यांच्या पुड्या त्या डब्यातून व्हायच्या. मी लहान असताना तुम्ही तो डबा दाखवून मला डोळा मारला होता. "ह्यानं लय मानसं बरी झाली, बाई," असं म्हणाला होतात. आपल्या बापाला एवढं मोठं गुपित माहीत आहे याचा मला केवढा अभिमान वाटला होता.

आणि ती बाई. तीही मला आठवते, मी दहा-अकरा वर्षांची असेन. चांगल्या घरची, डोक्यावर पदर, बाजारच्या दिवशी जवळच्या खेड्यातून यायची आणि डॉक्टरांकडे न जाता थेट तुमच्या खिडकीशी उभी राहायची. तिला झोपेच्या गोळ्या लागायच्या. "भाऊ, ह्या बारीला दोन जास्तीच्या द्या," असं म्हणून ती हात आत घालायची, आणि तो हात नुसता थरथरत असायचा. तुम्ही नाही म्हणालात की ती रडायची नाही, तशीच उभी राहायची, मागची माणसं ओरडेपर्यंत. एकदा तिचा नवरा तिला खिडकीवरून ओढत घेऊन गेला. त्या रात्री तुम्ही ताटावरून उठलात आणि आईला म्हणालात, "पयली गोळी तिला म्याच दिली व्हती. बाळातपनानंतर. पंधरा दिवसांसाटी." हे मी ऐकलं होतं, पण माझ्याशी त्याचा काही संबंध असेल असं तेव्हा कशाला वाटेल?

माझं काही कमी होईना तेव्हा तुमच्याच डॉक्टरांनी परभणीची चिठ्ठी दिली. मनाचे डॉक्टर. आईला ते ऐकूनच रडू आलं, तुम्ही मात्र सकाळच्या पॅसेंजरने मला घेऊन निघालात. दवाखान्यात केवढी गर्दी होती. त्या डॉक्टरांनी मला चार प्रश्न विचारले, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले की हा आजार आहे, बरा होतो, रोज रात्री एक गोळी, निदान वर्षभर, मध्येच बंद करायची नाही. तुम्ही खुर्चीच्या कडेला बसून विचारलंत, "सायेब, सवय लागंल का हिला?" त्यांनी पुढच्या पेशंटची घंटा वाजवत वाजवत सांगितलं, "छे हो. तुम्ही कंपाउंडर ना? मग तुम्हाला मी काय समजावून सांगायचं?" तुम्ही मान हलवलीत. डॉक्टर आपल्यातला समजून बोलले म्हणून तुम्हाला बरंही वाटलं असेल. पण मी तुमच्या शेजारी होते आप्पा, तुमचं समाधान झालेलं नव्हतं, मला दिसत होतं. स्टेशनबाहेर तुम्ही मला एक टॉर्च घेऊन दिलीत, पितळी, दोन सेलची. रात्री उठलीस तर अंधारात धडपडू नको, म्हणालात.

घरी आल्यावर तुम्ही ठरवून टाकलंत की पाकीट माझ्या हातात द्यायचं नाही. "नाव वाचत बसशील आन भिशील. म्या पुडी करून देतो." शिवाय आल्यागेल्याने पाकीट पाहिलं असतं तर गावभर झालं असतं, आणि माझी स्थळं बघणं सुरू होणार होतं. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. गावाला पुड्या देणारा माणूस आपल्या लेकीला देणारच. जेवण झालं की तुम्ही कोनाड्यातून पुडी काढायचात, मी तोंड उघडायची, वर पाणी.

पहिले तीन आठवडे मी पार पेंगुळलेली असायची. कॉलेजात बाकावर डोकं टेकलं की झोप. एका सकाळी बादली घेऊन पायऱ्या उतरताना माझा तोल गेला, ओठ फुटला, रक्त आलं. तुम्ही माझा ओठ पुसत होतात आणि तुमचा चेहरा पांढराफटक पडला होता. एवढ्याशा जखमेला कंपाउंडर माणूस काय घाबरतो, असं मी तुम्हाला चिडवलंही. त्याच सुमाराला मला रात्रीची सलग झोप लागायला लागली होती. सात रात्री झाल्या, आठ झाल्या. नवव्या दिवशी दिवाळीच्या करंज्या तळताना मी आईला म्हणाले की आता मी बरी झाले. त्यानंतर पेंगही गेली, अंगात हुशारी आली, आणि मग एका रात्री ते परत आलं, आधीपेक्षा वाईट. मला वाटलं, औषध थकलं.

त्या हिवाळ्यात कधीतरी मी पुडी जिभेवर जरा जास्त वेळ ठेवली आणि तुम्हाला म्हणाले, "आप्पा, ही खडूसारखी लागायलीय." तुम्ही आयुष्यात माझ्यावर आवाज चढवला नव्हतात. त्या दिवशी मात्र ओरडलात, "औषद काय चाखून बगायची चीज हाय का? शिकलेली पोरगी तू!" मला इतकं वाईट वाटलं की पुढे मी कधी चव घेतलीच नाही. अकरा महिने पुड्या चालल्या. मग एका रात्री कोनाडा रिकामा होता आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून म्हणालात, "तुला औषद लागू पडंना, बाई. काहींना न्हाई पडत. आपन वागवायचं." माणसाला आपला रक्तगट माहीत असतो तसं मला तेव्हापासून माहीत झालं, की मला औषध लागू पडत नाही.

मी वागवलं, आप्पा. लग्न झालं, पहिली काही वर्षं येलदरीला काढली, ह्यांची नोकरी धरणावर होती. आठ दिवस लपवलं, नवव्या रात्री ह्यांना कळलंच. माणूस चांगला, कधी टाकून बोलले नाहीत. पण त्यांचंही एक शास्त्र. सगळं व्यायामाने जातं. पहाटे मला धरणाच्या भिंतीवर चालायला न्यायचे, मी जांभया देत मागे मागे, खाली मासे धरणाऱ्यांच्या होड्या पाण्यावर. चालण्याने पाय बळकट झाले, रात्र तशीच राहिली. मग मला बोरीच्या शाळेत नोकरी लागली आणि आम्ही परभणीला आलो. मी भिंतीला टेकून बसून झोपायला शिकले, दाराला आतून कडी लावायची नाही हे शिकले, सुरू झालं की अडतीसचा पाढा उलटा म्हणायचा हे शिकले. माझी लेक तीन वर्षांची असताना माझा हात धरून मला म्हणायची, "कायी न्हाई होत आई." मी तिला निजवायचं की तिने मला? निवासी प्रशिक्षण आलं की मी दाखला आणायची, मणक्याचं दुखणं आहे म्हणून. मुख्याध्यापकपद मी दोनदा नाकारलं, कारण बैठकांना मुक्काम पडतो. भावाच्या लग्नात वऱ्हाड मुक्कामाला होतं आणि मी एकटी शेवटच्या एसटीने परत आले. सगळे मला माणूसघाणी म्हणतात. म्हणू देत, मी म्हणायची. आपल्याला औषध नाही.

आणि मग तुमचं आजारपण. छातीत पाणी झालं होतं, परभणीला भरती केलं होतं, अकरा दिवस. मी दिवसा डबा घेऊन यायची, शाळेला रजा टाकलेली, संध्याकाळी भाऊ यायचा आणि रात्री तुमच्या खाटेखाली सतरंजी टाकून झोपायचा. एकही रात्र मी थांबले नाही. दवाखान्याच्या त्या लांबलचक वॉर्डात, परक्या माणसांत, निळ्या दिव्यात मला ते झालं तर कोण कोणाला बघणार, असं वाटायचं. बाराव्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात तेव्हा मी घरी भिंतीला टेकून बसले होते, जागीच होते. घरात सगळ्यांना हेच ठाऊक आहे की आदल्या संध्याकाळी तुम्हीच मला घरी पाठवलं, जा म्हणालात, तुझं मला ठाऊक हाय म्हणालात. दहाव्याला मी हे सांगितलं तेव्हा बायका रडल्या. बाप कसा असावा, म्हणाल्या.

गेल्या वर्षी मला ते दिवसाढवळ्या, भर वर्गात झालं. फळ्यापाशीच खाली बसले. बोरीहून जीप करून शाळेतल्या बाईंनी मला परभणीला नेलं, एका डॉक्टरीणबाईंकडे, वयाने माझ्याहून लहान. मी बसल्या बसल्याच त्यांना सांगितलं की माझ्यावर वेळ घालवू नका, मला औषध लागू पडत नाही, वर्षभर घेऊन पाहिलं आहे. त्यांनी विचारलं, कोणतं? मी म्हणाले, पुडी असायची. त्यांचं पेन थांबलं. "पुडी? ह्या आजाराची गोळी कुटून पुडीत कोण देतं?" मी म्हणाले, माझे वडील, ते कंपाउंडर होते. जुना कागद असला तर शोधून आणा, एवढंच म्हणाल्या.

कागद शोधायला मी सेलूला गेले. आई तूर निवडत बसली होती. ट्रंक उपसता उपसता मी तिला सहज म्हणाले की ते पुड्यांमधलं औषध कोणतं होतं ते डॉक्टरांना पाहिजे आहे. आई सुपातून मान वर न करता म्हणाली, "कशाचं औषद? त्या पांढऱ्या डब्यातल्या गोळ्या व्हत्या त्या. चुन्याच्या." मला वाटलं, म्हातारपणी गल्लत होते आहे. पण तिने सगळं ओळीने सांगितलं. पहिले तीन आठवडे खरी गोळी होती. मग माझा ओठ फुटला. "पोरगी झिंगायलीय म्हनले. त्या बाईवानी हिचा हात खिडकीत यायचा म्हनले. रातभर जागे व्हते. सकाळी उटले आन समद्या गोळ्या संडासात टाकल्या." मग माझं पुन्हा सुरू झालं तेव्हा तुम्ही आईला काय म्हणालात तेही तिने सांगितलं. "बग, सोडली की उलटलं. म्हंजी सवय लागलीच व्हती. येळंवर सोडली आपुन." पुड्या मात्र चालू ठेवल्या, एकदम बंद केल्या तर मी घाबरेन म्हणून. मी उपसलेले कागद ट्रंकेत परत टाकले. आई म्हणाली, "भल्यासाटीच केलं की तुज्या. लगीन न्हाई झालं का? नौकरी न्हाई लागली का?" आणि पुन्हा तूर निवडायला लागली.

मी त्या दिवशी चहा न पिता परत आले. गाडीत खिडकीशी बसून संतापाने त्या दिवाळीआधीच्या रात्री बोटांवर मोजत राहिले. तीन आठवड्यांत, आप्पा. औषध लागू पडलं होतं! माझ्या त्या आठ-नऊ सलग रात्री त्याच्याच होत्या. पेंग येते ती पहिल्या काही दिवसांची, पुढे जाते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही आणि तुम्ही कुणाला विचारलं नाहीत. चिठ्ठी वाचता येणाऱ्या माणसाला वाटतं आपल्याला आजारही वाचता येतो. तुम्ही त्या बाईची गोळी आणि माझी गोळी एकच धरून चाललात. गावातल्या अडाणी माणसाने गोळ्या मला दिल्या असत्या आणि मी बरी झाले असते. तुम्हाला अर्धं ठाऊक होतं, म्हणून माझं असं झालं. हे मी तुमच्या फोटोपुढे उभं राहून मोठ्याने बोलले, आणि ह्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं की कोण आलंय.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी तुम्हाला शिव्या दिल्या नाहीत, मला वाटलं होतं देतील. त्यांनी कागदावर लिहून समजावलं, ही गोळी वेगळी, ती वेगळी, पहिले दोन-तीन आठवडे जड जातील, घाबरायचं नाही, थांबवायचं नाही, आणि पुढे कमी करायची तीही त्या सांगतील तेव्हा, हळूहळू. किती वेळ बसल्या माझ्यापाशी. असं कुणी तुमच्यापाशी बसलं असतं तर? पंचविसाव्या रात्री मी पहाटेपर्यंत झोपले. उठले, आणि ओट्याशी उभी राहून खूप रडले. बरं वाटलं म्हणून नाही. एवढं सोपं होतं म्हणून रडले. ह्यांचं अजून चालू आहे, किती दिवस गोळ्यांवर राहणार, चालायला ये. आईने मध्यंतरी येऊन पुन्हा विळा तापवायची तयारी केली होती. मी ते पाणीही प्यायले, म्हातारीचा जीव थंड होतो. गोळी मी रोज घेते, माझ्या हाताने, पाकिटातून फोडून.

आता एक गोष्ट तुमच्या बाजूची, नाहीतर मी खोटी ठरेन. त्या अकरा महिन्यांत मला जितक्या वेळा झालं तितक्या वेळा तुम्ही उठलात. दिवसभर खिडकीत उभं राहिलेला माणूस. मनगट धरून बसायचात आणि दवाखान्यातल्या गमती सांगायचात, कुणी मलम खाल्लं, कुणी थर्मामीटर चावलं. मला हसू यायचं आणि श्वास खाली उतरायचा. डॉक्टरीणबाई म्हणतात की त्या वेळी जवळ कुणी शांत माणूस असणं हाही मोठा आधार असतो. म्हणजे अर्धा इलाज तुम्ही केलात आणि अर्धा बुडवलात. पुड्या खोट्या होत्या, बसणं खरं होतं. दोन्ही एकाच माणसाचं, हे मला पेलत नाही. रागवावं तर मनगटावर तुमची बोटं आठवतात, माफ करावं तर त्या येलदरीच्या रात्री आठवतात, तिथे माझं मनगट धरायला कुणी नव्हतं.

वर्षभर मी स्वतःला हेच सांगत आले की तुमच्या पुड्यांमुळे मी तुमच्या शेवटच्या रात्री नव्हते. तुम्ही मला बरी होऊ दिलं असतं तर मी थांबले असते. हे कुणालाही पटेल असं आहे. मलाही पटत होतं, आज हे लिहायला बसेपर्यंत.

पण आप्पा, तुम्ही मला घरी पाठवलं नव्हतं. त्या संध्याकाळी भाऊ खाली चहा आणायला गेला होता. मी डबा आवरत होते. तुम्ही माझा पदर धरलात आणि म्हणालात, "आज थांबतीस का, बाई? मला रातचं भेव वाटायलंय." तुमच्या तोंडून हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. रात्रीची भीती म्हणजे काय, हे त्या वॉर्डात माझ्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं. काही करायचं नव्हतं मला, नुसतं मनगट धरून बसायचं होतं. मी म्हणाले, उद्या थांबते आप्पा, उद्यापासून शाळेला सुट्टी आहे. मी रजेवर आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि पदर सोडलात. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, आणि हे पत्रही कुणाला दाखवणार नाही.